अर्ध्या तासाच्या जेवणाचा तवा

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे. तुमच्या घरच्या तव्याशी माझे नाते आहे, पण ते लांबचे. तुमचा तवा काम झाले की उचलून, धुऊन, भिंतीला टेकवून ठेवता येतो. मला कोणी उचलत नाही. मी शाळेतल्या बाकाएवढा लांब आहे, बिडाचा आहे, आणि चार बोल्टांनी जमिनीला जखडलेला आहे. माझ्या पोटाखाली गॅसच्या तीन शेगड्या आहेत, पाठीमागे विटांची भिंत आहे आणि डोक्यावर पत्र्याचे धुराडे. जन्मभर मी याच जागी आहे.

माझा जन्म अमेरिकेत, मिसुरीतल्या एका ओतशाळेत झाला. तिथल्या कामगारांनी वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतले आणि मला साच्यातच सावकाश निवू दिले. कोणी घाई केली नाही, कोणी पाणी मारले नाही. बीड लोखंडासारखे वाकत नाही. ते एकदम गरम किंवा एकदम गार केले तर तडकते. ओतशाळेत हे सगळ्यांना माहीत होते. पुढे ज्यांच्या हातात मी आलो, त्यांना ते कोणी सांगितले नाही.

तिथून रेल्वेच्या वाघिणीतून मी ओक्लाहोमा सिटीला आलो. कोर्टाच्या मागच्या रस्त्यावर एमिल कोलार नावाच्या माणसाने एक अरुंद गाळा घेतला होता. त्या वेळी गाळ्याला पुढची भिंत नव्हती. मला आत ठेवले, बोल्ट कसले, आणि मग गवंड्यांनी समोर विटांची भिंत रचली. तिच्यात एक छोटे दार ठेवले. ते दार माझ्या रुंदीपेक्षाही अरुंद होते. त्या दिवशी हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण तव्याला बाहेर जायची वेळ येईल असे कोणाला वाटले नव्हते.

मला रस्ता दिसत नाही. माझ्या डोक्यावरच्या धुराड्याचा पत्रा मात्र घासून घासून आरशासारखा झाला आहे. त्यात मला दुकान उलटे दिसते. एक लांब फळी, तिच्यापुढे ओळीने मांडलेली गोल स्टुले, आणि त्यांवर डोके खाली, पाय वर अशी बसलेली माणसे. माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची मला फक्त हनुवटी दिसते. जग बघायला मला एवढेच मिळाले.

एमिल कांद्याचे बर्गर करायचा. ही आमच्याकडची रीत आहे. त्याच्या वडिलांच्या काळात फार वाईट दिवस आले होते. मांस महाग आणि कांदा स्वस्त. मग लोकांनी अर्धे मांस आणि अर्धा कांदा घ्यायला सुरुवात केली. वाईट दिवस गेले, पण तोवर जिभेला ती चव लागली होती. एमिल मांसाचा एक गोळा माझ्यावर टाकी, त्यावर कागदासारखा पातळ चिरलेला मूठभर कांदा ठेवी आणि जाड उलथण्याने सगळी ताकद लावून दाबी. गोळ्याची चकती होई आणि कांदा मांसात रुते. मग ती उलटायची. आता कांदा खाली आणि मांस वर. कांद्यातले पाणी वाफ होऊन वर येते, त्या वाफेवर पाव ठेवला की तो मऊ होतो. पाणी संपले की कांद्यातली साखर तांबूस होऊ लागते. त्या क्षणी उचलायचे. थोडे आधी उचलले तर कांदा कच्चा, थोडे नंतर उचलले तर कडू.

एमिलचे दोन नियम होते. पहिला नियम असा, की आमच्या गिऱ्हाइकांना जेवायला अर्धाच तास सुट्टी असते, तेव्हा जेवण त्या अर्ध्या तासात आणि अर्ध्या तासाच्या पगारात झाले पाहिजे. कोर्टातल्या कारकून बाया, बसचे ड्रायव्हर, टपाल वाटणारे, इस्पितळातल्या आया, सगळे यायचे. दुकान सोमवार ते शुक्रवार उघडे आणि फक्त दुपारी. शनिवार-रविवारी माणसे आपापल्या घरी जेवतात, असे एमिल म्हणे. माणसाला खरी भूक लागते ती कामाच्या दिवशी, घड्याळाकडे बघत.

गिऱ्हाइकांचीही एक रीत होती. जागा भरल्या असल्या की प्रत्येक जण एका स्टुलामागे गुपचूप उभा राहायचा. बसलेल्याला घाई करायची नाही, खांद्याला हात लावायचा नाही. बसलेला माणूस जेवून उठला की स्टुलावर दोनदा थाप मारायचा, म्हणजे जागा मोकळी. आमच्या दुकानात ना नंबर होता, ना भांडण.

एमिलचा दुसरा नियम माझ्याबद्दल होता. "तव्याला एकच हात," तो म्हणायचा. "दोन हात लागले की तवा बिघडतो." मला ते ऐकून फार बरे वाटायचे. मी कोणीतरी खास आहे असे वाटायचे.

एका वसंतात एमिलचा उजवा हात पडला. सकाळी उठला तो हात लुळाच. त्याची मुलगी लोरीन तेव्हा नुकतीच शाळेतून बाहेर पडली होती. तिला दगडांचे वेड होते. ती भूगर्भशास्त्र शिकायला जाणार होती, कॉलेजात जागाही मिळाली होती.

"फक्त हा उन्हाळा," एमिल तिला म्हणाला. "माझा हात बरा झाला की तू जा."

हात बरा झाला नाही. लोरीनने पहिल्या दिवशी दुकानात येताना खिशातून एक दगड आणला होता. आमच्या लाल मातीत गुलाबाच्या फुलासारखे दगड सापडतात, तसला. तो तिने धुराड्याच्या कडेवर ठेवला. उन्हाळा संपला, पुढचा आला. एमिल गेला, दगड तिथेच राहिला. धुराने तो काळा पडला, मग तुपकट झाला, आणि शेवटी तो दगड आहे हेही कोणाला ओळखू येईना.

मित्रांनो, लोरीनचा हात तिच्या वडिलांच्या हातापेक्षाही चांगला होता. कांद्याच्या आवाजावरून तिला कळायचे की पाणी संपत आले. लोक माझी स्तुती करायचे.

"असा तवा अख्ख्या शहरात नाही," ड्वाइट म्हणायचा. ड्वाइट कोर्टासमोरून जाणारी बस चालवायचा. आडव्या अंगाचा माणूस, स्टुलाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर यायचा.

"तव्याचं कसलं कौतुक, हात बघ तिचा," रोझेटा म्हणायची. रोझेटा हार्जो कोर्टात जमिनीच्या कागदांच्या खिडकीवर बसायची. बोलणे हळू, पण नेम बरोबर. निवृत्त झाल्यावरही ती रोज दुपारी यायचीच. घरी जेवण गोड लागत नाही, म्हणायची.

लोरीन काम करता करता त्यांच्याशी बोलायची, पाठ त्यांच्याकडे आणि तोंड माझ्याकडे. मी तिची हनुवटी पिकताना पाहिली. आधी ती टोकदार होती, मग तिच्याखाली दुसरी आली. कधी कधी घामाचा थेंब तिथून सुटायचा आणि माझ्यावर पडून चर्र करून नाहीसा व्हायचा.

तिची एकच इच्छा होती, आणि ती सगळ्या दुकानाला पाठ झाली होती.

"एक दिवस," ती म्हणायची, "मंगळवारी, दुपारी बाराला, मी त्या तिसऱ्या स्टुलावर बसून गरम बर्गर खाणार. बघाच तुम्ही."

"कुठल्या सालातला मंगळवार, मालकीणबाई?" ड्वाइट विचारायचा.

"तू ये इकडे, मी येते तिकडे. बस चालवता येते तर तवाही चालवशील."

"नको रे बाबा. बस निदान थांबवता तरी येते!"

सगळे हसायचे. लोरीनही हसायची. मग दुकान बंद झाल्यावर, स्टुले पुसून झाल्यावर, ती माझ्या कडेला उभ्यानेच एखादा उरलेला थंड पाव खायची. इतक्या वर्षांत माझ्यावर भाजलेला गरम बर्गर तिने बसून खाल्लेला मी पाहिला नाही.

स्तुती माझी खूप झाली, पण काळजी कोणी घेतली नाही, हेही सांगायला हवे. माझ्या गॅसच्या चाव्यांच्या मुठी एकेक करून तुटल्या. नव्या आणायला दुकान बंद ठेवावे लागले असते. मग लोरीनने एक पक्कड घेतली. मुठींच्या जागी उरलेल्या पितळी दांड्या ती त्या पकडीने फिरवायची. चाव्या माझ्या पोटाखाली, आत, अंधारात होत्या. पक्कड तिच्या एप्रनच्या खिशात. मला पेटवायचे कसे आणि विझवायचे कसे, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होते. तव्याला एकच हात.

ऑगस्टमधला एक दिवस होता. आमच्याकडे ऑगस्टमध्ये डांबर पायाला चिकटते. त्या दिवशी सकाळीच धुराड्याचा पंखा बंद पडला. दुसऱ्या कोणी दुकान उघडलेच नसते. लोरीनने घड्याळ पाहिले, दाराबाहेर रांग पाहिली आणि तिन्ही शेगड्या पेटवल्या.

बारा वाजून गेले होते. माझ्यावर जागा दिसत नव्हती, चकत्याच चकत्या. वाफ आणि धूर वर जाऊन परत खाली येत होता.

"लोरीन, तोंड बघ तुझं, लालबुंद झालंय," रोझेटा म्हणाली. "जरा बाहेर जाऊन ये."

"आणि हे कोण बघणार?"

"जळू दे."

"जळू दे म्हणे! कोर्टातल्या पोरींची सुट्टी संपत आलीय."

तिने उलथणे उचलले. मला तिची हनुवटी दिसत होती. मग ती दिसेनाशी झाली. उलथणे माझ्या कडेवर आपटून खाली गेले आणि जमिनीवर काहीतरी जड पडल्याचा आवाज आला.

रोझेटा फळी ओलांडून आत आली. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांपैकी कोणी फळीच्या या बाजूला आले नव्हते. तिने लोरीनचे डोके मांडीवर घेतले. इकडे माझ्यावरचा कांदा तांबूस झाला, काळा झाला, धुमसू लागला.

"गॅस बंद कर आधी!" रोझेटा ओरडली.

"कुठून बंद करतात?" ड्वाइट वाकून माझ्याखाली बघत होता. "इथे तर बटणच नाही! नुसत्या दांड्या आहेत. आई गं, भाजलं!"

"अरे, ती रोज कशी करते?"

"मला काय माहीत! मी जेवायला येतो!"

"कोणी पाहिलंय का कधी?"

कोणीच पाहिले नव्हते. दुकान माणसांनी भरले होते. त्यांपैकी काहींचे आईबापही माझ्यावरचेच जेवले होते. पण मला विझवता येणारे त्यांच्यात एकही नव्हते. पक्कड लोरीनच्या खिशात होती आणि लोरीन त्या खिशावरच कुशीला पडली होती.

धूर दाट झाला. आग लागेल अशी ड्वाइटला भीती वाटली. आमच्याकडे चहा बर्फ घालूनच पितात. ग्लास आधी बर्फाने काठोकाठ भरतात आणि मग चहा ओततात. त्या बर्फाची मोठी बादली फळीवर होती. ड्वाइटने ती दोन्ही हातांनी उचलली आणि सगळी माझ्यावर रिकामी केली.

मित्रांनो, तो मला मारायला आला नव्हता. तो मदत करत होता. पण माझा वरचा थर एका क्षणात आक्रसला आणि खालचा, ज्वाळेला लागलेला थर तसाच फुगलेला राहिला. टण्ण असा आवाज झाला. देवळातल्या घंटेसारखा, पण एकदाच. पुढच्या कडेपासून माझ्या मध्यापर्यंत एक भेग गेली.

त्या आवाजाने लोरीनने डोळे उघडले. ती पहिला शब्द बोलली तो "पाणी" असा नव्हता. "तवा," ती म्हणाली. मग तिने आडव्यानेच खिशातून पक्कड काढून रोझेटाच्या हातात दिली. "डावीकडून उजवीकडे. जोर नको लावूस."

रोझेटाने माझ्या तिन्ही शेगड्या विझवल्या.

डॉक्टरांनी सांगितले की उष्णतेने आणि उभे राहून राहून तिच्या शरीराने हात टेकले आहेत, निदान काही दिवस तरी शेगडीजवळ जायचे नाही. लोरीनने दारावर कागद लावला आणि कुलूप घातले. मी पहिल्यांदाच कामाच्या दिवशी गार पडलो.

गार तवा काय करतो, तर ऐकतो. बाहेरून पावले यायची, दाराशी थांबायची, कागद वाचायची आणि परत जायची. बाराच्या सुमारास ती फार यायची. मला वाटायचे, मी आत आहे असे त्यांना ओरडून सांगावे. तव्याला आवाज नसतो. भिंतीच्या आत मी, बाहेर त्यांची भूक, आणि मध्ये एक कुलूप.

एक मिस्त्री येऊन मला बघून गेला. भेगेवरून त्याने नख फिरवले.

"नवा टाका," तो म्हणाला.

"टाक की," लोरीन म्हणाली.

त्याने पट्टीने मला मोजले, मग दार मोजले आणि टोपी मागे सारून डोके खाजवले. "हा आत आला कसा?"

"भिंत बांधायच्या आधी."

"मग भिंत पाडावी लागेल."

जुन्या रस्त्यावरच्या दर्शनी भिंती पाडायला शहरात बंदी होती. मी बाहेर जाऊ शकत नव्हतो आणि नवा तवा आत येऊ शकत नव्हता. मिस्त्री गेल्यावर लोरीन बराच वेळ तिथेच उभी राहिली. "आपण दोघंही इथेच," ती मला म्हणाली. ती माझ्याशी थेट बोलली असे त्याआधी कधी झाले नव्हते.

त्या सुट्टीत लोरीनला कामाच्या दिवशी दुपारची भूक लागली. घरी बसवेना म्हणून ती शहरात भटकायची आणि मग दुकान उघडून आत येऊन बसायची. रोझेटा यायची सोबतीला. दोघी फळीच्या आतल्या बाजूला उलट्या ठेवलेल्या खोक्यांवर बसायच्या.

"जेवलीस का?" रोझेटाने एका दिवशी विचारले.

"जेवायलाच निघाले होते. म्हटलं, एक साधा चांगला बर्गर खावा. आपल्याला परवडेल असा. इतकं मोठं शहर, असं काय अवघड आहे?"

"मग?"

"त्या जुन्या गोदामांच्या वस्तीत नवीन हॉटेल झालंय ना, तिथे गेले. बर्गर लाकडाच्या फळीवर आला. त्यात वरून खालपर्यंत काठी खुपसलेली. इतका उंच की तोंड उघडून उघडून जबडा दुखला. आणि यायला एवढा वेळ लागला की शेजारची कारकून पोरगी तो न खाताच उठून गेली. सुट्टी संपली तिची."

"आणि पैसे?"

"विचारू नकोस. बाबा थडग्यात उठून बसले असते."

रोझेटा हसली. "दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी त्या बर्गरच्या गाडीपाशी गेले, फिरती असते ती. तर ती फक्त गुरुवारी. आज मग एका मोठ्या कंपनीच्या दुकानाच्या खिडकीतून घेतला. झटपट मिळाला, स्वस्तही होता. पण रोझेटा, तो बर्गर कुणीच केलेला नव्हता. म्हणजे बघ, खाताना कळतं ना, की हे कुणीतरी उभं राहून केलंय? तसं काहीच कळेना."

मग लोरीन म्हणाली, "येताना ड्वाइटची बस दिसली. स्टॉपवर उभी. स्टीअरिंगवर कोरडी बिस्किटं ठेवून खात होता. मला बघून त्याने पुडा लपवला."

"लाजतोय तो. तवा फोडला म्हणून."

"आणि कोर्टाच्या जिन्यात तुझ्याच खिडकीवरची ती नवीन पोरगी वेफर्स खात बसली होती. दुपारचं जेवण म्हणून वेफर्स!" लोरीन उठली. "बास झालं. सोमवारी उघडते. भेग तर भेग."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"त्यांना अर्ध्या तासात जेवावं लागत नाही."

"खाली बस," रोझेटा म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "तुझी गरज आहे, हे मीही सांगते. मी रोज येते ते उगाच नाही. पण पोरी, बोल्ट त्या तव्याला मारलेत. तुला कुणी मारलेत?"

लोरीन परत खोक्यावर बसली. मग एकदम म्हणाली, "तव्याला एकच हात लागतो. बाबा म्हणायचे."

"तुझ्या बाबांचा एक हात गेला, तेव्हा त्यांनी काय केलं? तुझा लावला. म्हणजे दोन झाले की नाहीत?"

धुराड्याच्या पत्र्यात मला त्या दोघी पाठमोऱ्या, उलट्या दिसत होत्या. एमिलच्या त्या वाक्यावर मी जन्मभर फुगत आलो होतो. ते वाक्य लोरीनच्या पायातही चार बोल्टांसारखे बसले आहे, हे मला तेव्हा दिसले.

"मला शिकव," रोझेटा म्हणाली. "मी रिकामीच आहे. आठवड्यातले दोन दिवस माझे."

"तुला जमणार नाही."

"पहिल्या दिवशी तुला जमलं होतं?"

ड्वाइटने बस डेपोतल्या एका यंत्र दुरुस्त करणाऱ्याला पकडून आणले. त्याने माझ्या भेगेचे टोक शोधले आणि बरोबर तिथे एक बारीक भोक पाडले. मला आधी हे उलटेच वाटले. आधीच फुटलेल्याला आणखी भोक कशाला? पण भेगेचे टोक सुईसारखे अणकुचीदार असते. सगळा ताण तिथे गोळा होतो आणि ती पुढे सरकते. टोकाला गोल भोक पाडले की ताण पसरतो आणि भेग थांबते. भेगेच्या डाव्या बाजूची शेगडी त्याने कायमची बंद केली. उरलेल्या भागावर काम चालेल, पण हळू पेटवा आणि हळू विझवा, असे सांगून तो गेला. पंखाही त्यानेच सुरू करून दिला.

दुकान उघडले. रांग लांबली, कारण मी आता पूर्वीएवढा उरलो नव्हतो. पण एकही माणूस कुरकुरला नाही. रोझेटा शिकत होती, त्या दिवसांत मात्र कुरकुरायला कारण होते.

"हे काय गं," ड्वाइट ताटलीतली चकती वर धरून म्हणाला, "घोड्याला नाल म्हणून ठोकायचं का?"

"खा गुपचूप. फोडणारा तू, भोगणारी मी."

"कांदा ऐक," लोरीन तिच्यामागे उभी राहून सांगायची. "बघू नकोस, ऐक. आता बुडबुड करतोय ना? ती थांबली की तडतड होईल. तेव्हा."

"मला तर सगळं सारखंच ऐकू येतंय."

"येईल. मला पहिला उन्हाळाभर येत नव्हतं."

रोझेटाचा हात मला वेगळा लागला. ती लोरीनपेक्षा हलके दाबायची आणि उचलताना उलथणे किंचित तिरपे धरायची. मी बिघडलो नाही. थोड्याच दिवसांत तिलाही कांद्याची तडतड ऐकू येऊ लागली.

गॅसच्या चाव्यांना नव्या मुठी बसल्या. तरी लोरीनने ती पक्कड फेकली नाही. गिऱ्हाइकांच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशा खिळ्याला टांगली. रोज येणाऱ्या प्रत्येकाला तिने आत बोलावून मला विझवायला शिकवले. ड्वाइटला दोनदा शिकवले.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे. गरम तव्यावर पाणी मारू नका, त्याला आपला आपण निवू द्या. आणि जो तुम्हाला रोज जेवू घालतो, त्याची नुसती स्तुती करून उठू नका. त्याच्याखालची आच कशी कमी करायची, तेही विचारून ठेवा. स्तुती ऐकणाऱ्याला पुष्कळदा उठून जाता येत नाही. मला ते नीट माहीत आहे. माझे चार बोल्ट तसेच आहेत, भिंत तशीच आहे, दारही तेवढेच अरुंद आहे. मी इथून कधी जाणार नाही.

पण गेल्या मंगळवारी माझ्यासमोर रोझेटाची हनुवटी होती. बारा वाजले होते. मी पत्र्यात वर पाहिले. तिसऱ्या स्टुलावर, डोके खाली आणि पाय वर, लोरीन बसली होती. इतक्या वर्षांत तिचा पूर्ण चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला. तिच्यापुढे माझ्यावरचा बर्गर होता, वाफ येत असलेला. धुराड्याच्या कडेवरचा दगड तिने घासून स्वच्छ केला होता आणि ताटलीशेजारी ठेवला होता. तो गुलाबासारखा लाल होता, हे मी विसरून गेलो होतो.

तिच्यामागे ड्वाइट उभा होता.

"सावकाश खा हं, मालकीणबाई," तो म्हणाला. "माझी बस काय, जाईल पाच मिनिटांनी."

"गप उभा राहा. रीत मोडू नकोस."

"कसा झालाय ते तरी सांग," रोझेटा मागे न बघता म्हणाली.

लोरीनच्या तोंडात घास होता. तिने सगळा बर्गर खाल्ला, पावाचा शेवटचा तुकडा ताटलीत फिरवून तोही खाल्ला, बर्फाचा चहा संपवला. घड्याळाकडे एकदाही पाहिले नाही. मग तिने दगड खिशात टाकला, उठली, आणि स्टुलावर दोनदा थाप मारली.